मतदारयादीतले नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव : खोतीपासून कोयनेपर्यंत

"देशात लोकशाही आहे, संधी सगळ्यांना सारखी आहे, मग तुम्हाला वेगळे काय हवे?" हा प्रश्न आपल्या प्रत्येक तरुणाला कॉलेजात, नोकरीच्या ठिकाणी, नाक्यावर कधी ना कधी विचारला जातो. विचारणारा दरवेळी द्वेषानेच विचारतो असे नाही. शाळेत त्याला तसेच शिकवलेले असते. १५ ऑगस्टला स्वातंत्र्य मिळाले, २६ जानेवारीला संविधान आले, सगळे समान झाले, धडा संपला! या प्रश्नाला उत्तर देताना आपण बहुतेक वेळा चिडतो किंवा संविधानाची प्रस्तावना म्हणून दाखवतो. दोन्हींचा उपयोग होत नाही. उत्तर इतिहासात आहे, आणि त्यासाठी दिल्लीला जायची गरज नाही. आपल्या पायाखालची जमीन पुरेशी आहे.

आम्ही हा इतिहास अलोरे या गावापासून वाचायला घेतो. चिपळूणहून कराडकडे निघालो की कुंभार्ली घाट लागण्याआधी अलोरे येते. रत्नागिरी जिल्ह्याबाहेरच्या अनेकांना हे नाव ठाऊक नाही. पण महाराष्ट्राच्या घराघरांत आणि कारखान्यांत जी वीज पोचली, तिच्यात या गावाचा वाटा आहे. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याचे वीजगृह इथे आहे. ८० मेगावॅटचे चार संच, एकूण ३२० मेगावॅट. शेजारी कोळकेवाडीचे धरण, वर पोफळीचे भूमिगत वीजगृह. प्रकल्पाबरोबर इथे सरकारी वसाहत आली, शाळा आली, पगारी नोकरी आली.

त्याआधी हा सगळा मुलूख खोतीचा होता. म्हणजे एकाच पट्ट्यात दोन राजवटी पाहायला मिळतात. एक खोताची, जिथे कुळाला आवाज नव्हता. दुसरी लोकशाही सरकारची, जिथे प्रत्येकाला मत आहे. या दोन राजवटींमध्ये आपल्या माणसाचे नाव कोणकोणत्या कागदावर चढले आणि कोणत्या कागदावर चढायचे राहून गेले, हे तपासले की "संधी सगळ्यांना सारखी" या वाक्याचा खरेखोटेपणा कळतो. आमचे म्हणणे थोडक्यात असे : लोकशाहीने आपले नाव मतदारयादीत घातले. संधी मात्र दुसऱ्या याद्यांमधून मिळते. सातबारा, प्रकल्पग्रस्तांची यादी, नोकरीची बिंदुनामावली. या याद्यांत नाव आपोआप येत नाही. ते घालून घ्यावे लागते.

खोताच्या गावात नागरिक नव्हता

खोत म्हणजे मुळात गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा मधला माणूस. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत ही पद्धत घट्ट रुजली. पिढ्यानपिढ्या वसुली हातात राहिली आणि वसूल करणारा हळूहळू गावाचा मालक होऊन बसला. इंग्रजांनी १८८० साली खोती कायदा करून कुळांचे काही हक्क मान्य केले, पण त्याच कायद्याने खोताचे स्थानही पक्के केले. विधिमंडळात खोतांची बाजू मांडायला माणसे होती. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक हे स्वतः दापोली तालुक्यातल्या मुरूडच्या खोत घराण्यातले आणि खोतांच्या हक्कांचे मोठे कैवारी. कुळांची बाजू मांडायला तिथे कोण होते? कोणीही नाही.

कुळाने पिकवायचे आणि वाटा खोताला द्यायचा. अर्धा वाटा तो अर्धेल, तिसरा वाटा तो तिर्धेल. उभ्या पिकाचा अंदाज खोताचा माणूस करायचा, त्याला अभावणी म्हणत. पीक किती आले हे पिकवणाऱ्याने सांगायचे नाही, घेणाऱ्याने ठरवायचे. शिवाय वेठ. खोताच्या शेतात फुकट राबणे, त्याची ओझी वाहणे, त्याच्या घरच्या कार्यात हजर राहणे. कुळांमध्ये कुणबी होते, महार होते, इतर शेतकरी जाती होत्या. महारांच्या वाट्याला खोताच्या जुलमावर अस्पृश्यतेचा जुलूम वेगळा. देशावरच्या महारांकडे निदान वतनाचा तुकडा असे. कोकणात तोही कमी. म्हणून इथला महार पलटणीत गेला, मुंबईच्या गोदीत आणि गिरणीत गेला. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यातले. त्यांचे घराणे पलटणीत गेलेल्या अशाच घराण्यांपैकी एक.

समाजशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर खोतीच्या गावात राज्य आणि माणूस यांच्यात थेट नातेच नव्हते. सरकार खोताला ओळखायचे आणि खोत कुळाला. ज्याला राज्य नावाने ओळखत नाही, तो नागरिक कसला? तो फार तर रयत. पुढे बाबासाहेबांनी जे विधेयक आणले, त्याचा गाभा हाच होता. मधला खोत काढा आणि कुळाचे नाते थेट सरकारशी जोडा.

विधेयक आणि मोर्चा

१९२९ च्या एप्रिल महिन्यात चिपळूणला रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांची परिषद भरली आणि अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. ज्यांना बाबासाहेब फक्त अस्पृश्यांचे पुढारी वाटतात, त्यांनी ही परिषद लक्षात ठेवावी. पाण्याचा हक्क आणि जमिनीचा हक्क हे दोन वेगळे लढे आहेत, असे त्यांनी कधी मानले नाही.

१९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. १९३७ च्या निवडणुकीत तो मुंबई विधानसभेत पोचला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोताला वाजवी भरपाई द्यावी आणि जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्याला कब्जेदाराचा दर्जा द्यावा, अशी त्याची रचना होती. भरपाईची तरतूद असल्यामुळे "हे लूटमार करायला निघाले" असा आरोपही करता येण्यासारखा नव्हता.

तेव्हा मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते. शेतकऱ्यांच्या नावाने निवडून आलेले, बहुमतातले मंत्रिमंडळ. तरीही विधेयक पुढे सरकले नाही. म्हणून जानेवारी १९३८ मध्ये कोकणातून आणि इतर जिल्ह्यांतून हजारो शेतकरी मुंबईला आले आणि विधिमंडळावर मोर्चा गेला. बाबासाहेबांबरोबर श्यामराव परुळेकर, अनंतराव चित्रे, इंदुलाल याज्ञिक होते. त्या मोर्च्यात महार होते तसे कुणबीही होते. त्याच काळात अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी शेते न कसण्याचा संप १९३३ पासून चालवला होता. तो सहा वर्षे टिकला.

या मोर्च्याकडे नीट पाहा. १९३५ च्या कायद्याने मतदानाला सारा, भाडे, शिक्षण अशा अटी होत्या. मोर्च्यात चाललेल्या असंख्य माणसांना मतच नव्हते, बायांपैकी तर फारच थोड्यांना होते. म्हणजे ज्यांना विधिमंडळात कोणाला पाठवायचे हे ठरवण्याचा अधिकार नव्हता, ते विधिमंडळाच्या दारात येऊन सांगत होते की कायदा करा. कोकणात लोकशाही कोणी आणली, असे विचारले तर आमचे उत्तर हे आहे. मत मिळण्याआधीच तिचा वापर करणाऱ्या या माणसांनी आणली.

१९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि विधेयक तसेच राहिले. खोती संपवणारा कायदा झाला तो १९४९ साली. मागणी तीच, प्रांत तोच, मधे बारा वर्षे गेली. बारा हंगामांचे अर्धेल खोतांच्या कोठारात गेले. "हळूहळू होईल, घाई कशाला" असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब कधी केला आहे का?

मत आले, जमीन कुठे गेली?

१९५० साली संविधानाने प्रत्येक प्रौढाला मत दिले. सारा भरण्याची अट नाही, शिक्षणाची अट नाही, बाईपुरुष भेद नाही. बाबासाहेब ही मागणी फार आधीपासून करत होते. १९१९ साली साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट खाली आणा आणि त्यांचे स्वतःचे प्रतिनिधी असू द्या, असे सांगितले होते. १९२८ साली सायमन आयोगापुढे तर सरळ प्रौढ मताधिकारच मागितला होता. म्हणून "काँग्रेसने मत दिले" किंवा "इंग्रजांनी शिकवले" या गोष्टींना आपण मान डोलवायचे कारण नाही.

पण मत मिळवून देणारा माणूसच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत उभा राहून इशारा देत होता. त्या भाषणाचा आशय असा की राजकारणात आपण एक माणूस एक मत मान्य करणार, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात एका माणसाची किंमत दुसऱ्याइतकी मानणार नाही. हा विरोध फार काळ चालू ठेवला तर विषमतेने पिचलेले लोक लोकशाहीचा हा डोलाराच उधळून लावतील. याच १९४९ साली इंग्लंडात टी. एच. मार्शल हा समाजशास्त्रज्ञ केंब्रिजला नागरिकत्वावर व्याख्याने देत होता. तिकडे कायद्यापुढचे हक्क अठराव्या शतकात, राजकीय हक्क एकोणिसाव्यात आणि शिक्षण-आरोग्याचे सामाजिक हक्क विसाव्या शतकात रुजले, अशी त्याची मांडणी. त्यांना दोनशे वर्षे मिळाली. आपल्याकडे सगळे एका तारखेला कागदावर आले आणि गावातली सत्ता मात्र जागच्या जागी राहिली.

अमेरिकेच्या इतिहासात याचा फार कडू दाखला आहे. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मनने दक्षिणेतल्या किनाऱ्यालगतची जमीन मुक्त झालेल्या काळ्या कुटुंबांना चाळीस चाळीस एकरांनी वाटण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने तो फिरवला आणि जमीन जुन्या मालकांकडे गेली. १८७० साली काळ्या पुरुषांना मताचा हक्क घटनेत मिळाला. पण जमीन गोऱ्या मालकाची, कर्ज त्याच्या दुकानाचे, मग मत टिकणार कसे? दक्षिणेतल्या राज्यांनी साक्षरतेच्या परीक्षा आणि मतदान कर लावून ते मतही हिरावले. ते परत मिळवायला १९६५ चा मताधिकार कायदा यावा लागला. हातात जमीन नसली की हातातले मतही कोणीतरी काढून घेतो, हा त्याचा धडा.

आपल्याकडे कूळकायदा १९४८ सालचा. १ एप्रिल १९५७ हा कृषिदिन ठरला, त्या दिवशी कसणारा मालक मानला जाणार होता. पण कसणारा कोण? ज्याचे नाव कागदावर कूळ म्हणून आहे तो. ज्याने तोंडी बोलीवर कसले, ज्याला मालकाने दरवर्षी वेगळा तुकडा दिला, ज्याच्याकडून "मी राजीखुशीने जमीन सोडतो" असे लिहून घेतले, तो कसणारा असूनही कूळ ठरला नाही. हे आम्ही रागाने म्हणत नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेसाठी वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली होती. तिचा अहवाल १९५७ साली निघाला. त्यात अशा 'स्वेच्छेने' सोडलेल्या जमिनींचे चित्र स्पष्ट आहे. कायदा चांगला होता, पण तो कागद वाचत होता. कागद लिहिणारे जुनेच होते.

आणि जे कूळही नव्हते, निव्वळ मजूर होते, त्यांचे काय? त्यांच्यासाठी दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले. रिपब्लिकन पक्षाच्या त्या लढ्यात माणसे बायकामुलांसह तुरुंगात गेली. कूळकायदा जिथे थांबला, तिथून हा लढा सुरू झाला.

विजेकडे बाबासाहेब कसे पाहत होते?

आता जमिनीवरून विजेकडे येऊ, कारण अलोरेची दुसरी राजवट विजेची आहे.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाले, ते त्यांच्या कारकिर्दीत. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीज धोरणाच्या समितीपुढे बोलताना त्यांनी प्रश्न मुळातून मांडला. देशाला वीज कशासाठी हवी? त्यांचे उत्तर असे होते की शेतीवर माणसांचा भार फार झाला आहे, उद्योग उभे राहिल्याशिवाय लोक दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाहीत, आणि स्वस्त व मुबलक वीज नसेल तर उद्योग उभे राहणार नाहीत. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये तर त्यांनी पायाभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, शेतीही राज्याचा उद्योग असावी आणि हे संविधानातच लिहावे, अशी मागणी केली.

म्हणून धरण, वीजगृह, कारखाना यांना सरसकट विरोध करणे ही आपली परंपरा नाही. पण "विकास झाला ना, मग गप्प बसा" हेही आपण ऐकून घ्यायचे नाही. वीज हे साधन होते, माणसाला जातीने नेमून दिलेल्या कामातून सोडवण्याचे. तिने कोणाला सोडवले, हे विचारणे बाबासाहेबांच्याच मांडणीत बसते.

अलोरेचा हिशेब

कोयनेचे काम १९५४ च्या सुमारास सुरू झाले. १९६२ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज पोफळीला तयार होऊ लागली. पुढे दुसरा टप्पा, सत्तरच्या दशकात अलोरेचा तिसरा टप्पा आणि नंतर १,००० मेगावॅटचा चौथा टप्पा. सगळे मिळून १,९०० मेगावॅटहून जास्त. सह्याद्रीच्या पलीकडे शिवसागर जलाशयात सुमारे १०५ टीएमसी पाणी साठते. कृष्णा पाणीतंटा लवादाने म्हणजे बच्छावत लवादाने त्यातले वर्षाला ६७.५ टीएमसी पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वळवायला परवानगी दिली. ते पाणी बोगद्यातून उतरते, पोफळीत टर्बाइन फिरवते, कोळकेवाडीत थांबते, अलोरेत पुन्हा टर्बाइन फिरवते आणि वाशिष्ठीला मिळून दाभोळच्या खाडीत जाते.

याच चिपळूण तालुक्यात उन्हाळ्यात काही वाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागते. नदीत धरणाचे पाणी वाहते आणि वरच्या वाडीत हंडे रांगेत लागतात. पाणी उचलून वर न्यायला योजना लागते, योजनेला ठराव लागतो, ठरावाला ग्रामसभेत आवाज लागतो. बौद्धवाडी बहुतेक ठिकाणी गावाच्या टोकाला. नळाची पाइप तिथे पोचेपर्यंत एकतर पाइप संपते किंवा पाण्याचा दाब.

जमिनीचा हिशेब याहून कठीण आहे. त्या काळी भूसंपादन होत होते १८९४ च्या इंग्रजी कायद्याने. भरपाई कोणाला? ज्याचे नाव सातबाऱ्यावर त्याला. "इतर हक्कात" कूळ म्हणून नाव असेल तर त्यालाही काही. त्या जमिनीवर मजुरी करून जगणाऱ्याला, रानातून लाकूडफाटा आणणाऱ्याला, गावकीची कामे करून धान्य मिळवणाऱ्याला त्या कायद्याच्या लेखी अस्तित्व नव्हते. खोतीने ज्याला कागदाबाहेर ठेवले, त्यालाच लोकशाही सरकारच्या भूसंपादनानेही बाहेर ठेवले. कोणी मुद्दाम ठेवले असे म्हणायचीही गरज नाही. जुनीच यादी नव्या कामाला वापरली, एवढे पुरे झाले.

पाटण आणि जावळी तालुक्यांतली गावे शिवसागराखाली गेली, तेव्हा महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो आला १९७६ साली, पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाल्यावर चौदा वर्षांनी. आजही कोयना धरणग्रस्तांना जमिनीसाठी कोयनानगरला ठिय्या द्यावा लागतो. आजोबांची जमीन गेली आणि नातू आंदोलनात बसला आहे. या तीन पिढ्यांनी प्रत्येक निवडणुकीत मत दिले आहे. मतदारयादीत त्यांचे नाव कधीच चुकले नाही!

२०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने ही चूक काही अंशी सुधारली. बाधित कुटुंबाच्या व्याख्येत शेतमजूर, कुळे, वाटेकरी, कारागीर आले. सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि जनसुनावणी आली. ही व्याख्या आपोआप बदलली नाही. धरणग्रस्तांच्या चाळीस-पन्नास वर्षांच्या आंदोलनांनी ती बदलायला लावली.

नोकरीची यादी

प्रकल्पाने एक गोष्ट मात्र दिली, आणि ती नाकारणे अप्रामाणिकपणा होईल. खोताच्या गावात ज्याला पगार म्हणजे काय ठाऊक नव्हते, त्याच्या दारात सरकारी नोकरी आली. पण इथेही यादीचा प्रश्न होता.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण धम्म स्वीकारला. त्याबरोबर सरकारी कागदावर आपण अनुसूचित जातीत उरलो नाही. माणूस तोच, वाडी तीच, पाणवठ्यावरची वागणूक तीच, पण सवलत गेली. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य सरकारने नवबौद्धांना राज्याच्या सवलती लागू केल्या. केंद्राने मात्र १९९० पर्यंत वाट पाहायला लावली. म्हणजे कोयनेसारख्या राज्याच्या प्रकल्पात बौद्ध उमेदवाराला राखीव जागा मागता येत होती, पण रेल्वेत, टपालात, केंद्राच्या बँकेत तोच उमेदवार 'खुला' ठरत होता. ३४ वर्षे! या काळात जे म्हणत होते की संधी सगळ्यांना खुली आहे, त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. आपल्याला खुल्यातच ढकलले होते.

आरक्षणाला विरोध करणारे मित्र इथे एक खरा मुद्दा मांडतात. राखीव जागेवर नोकरी लागलेल्याच्याच मुलाला पुढे संधी मिळते, वाडीतला मजूर तिथेच राहतो, असे ते म्हणतात. आम्ही हा मुद्दा उडवून लावत नाही. वाडीत काम करताना आम्हालाही हे दिसते. पण याचे कारण आरक्षण नाही. जमीन, पाणी आणि शाळा या याद्यांत नाव नसताना नोकरीच्या एकाच यादीवर सगळा भार पडला, हे कारण आहे. एका दोराने विहिरीतून किती माणसे वर निघतील? दोर कापणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

आता तर तो दोरच विरत चालला आहे. जून २००५ मध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन कंपन्या झाल्या. कायम पदे रिकामी राहतात, काम कंत्राटदाराकडे जाते. कंत्राटी कामगाराच्या भरतीत बिंदुनामावली कोण तपासतो? सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय काढला. तरुण रस्त्यावर उतरले आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. संविधानाच्या कलम १६ मधला एकही शब्द न बदलता संधी काढून घेता येते, हे यातून शिकायचे. पदच उरले नाही तर राखीव काय आणि खुले काय?

आता काय करायचे?

राष्ट्र म्हणजे नकाशा नव्हे. एकमेकांच्या भल्याबुऱ्यात वाटेकरी असलेल्या माणसांचे ते नाते आहे, बाबासाहेब त्याला बंधुता म्हणत. ज्याच्या गावातून वीज जाते आणि ज्याच्या घरात ती लागते, त्या दोघांना एकमेकांची ओळखही नसेल तर ते एका राष्ट्राचे नागरिक आहेत, असे म्हणायला जीभ अडखळते. ही ओळख पटवून देणे हे आपले काम आहे, आणि ते भाषणाने होत नाही.

पहिले काम याद्या वाचण्याचे. आपल्या वाडीतल्या प्रत्येक घराचा सातबारा, आठ-अ, घराच्या जागेचा उतारा काढून पाहा. जुने फेरफार मागा. कूळ म्हणून आजोबांचे नाव कुठे होते, ते कोणत्या फेरफाराने गेले, हे तलाठी कार्यालयातल्या कागदात सापडते. हे काम कंटाळवाणे आहे, जयंतीच्या मिरवणुकीइतके त्यात तेज नाही. पण खोताची ताकद तलवारीत नव्हती, वहीत होती. वही वाचता येणे ही आपली पहिली लढाई.

दुसरे काम ग्रामसभेचे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १५ टक्के निधी मागासवर्गीयांसाठी खर्च करायचा असतो. तो किती होता, कशावर खर्च झाला, याचा हिशेब ग्रामसभेत तोंडी विचारा आणि लेखीही विचारा. उत्तर नाही मिळाले तर माहितीचा अधिकार आहे. १९३८ साली मत नसलेली माणसे मुंबईपर्यंत गेली. आपल्याला मत आहे आणि ग्रामपंचायत कार्यालय पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

तिसरे काम सोबतीचे. खोतीविरुद्धच्या मोर्च्यात कुणबी आणि महार एकत्र चालले, कारण दोघांचे अर्धेल एकाच कोठारात जात होते. आज पाण्याच्या, जमिनीच्या, कंत्राटी नोकरीच्या प्रश्नावर कोकणातला कुणबी तरुण आणि बौद्ध तरुण एकाच रांगेत उभे आहेत. त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करणारे बरेच आहेत. एकत्र बसवणारे आपण व्हायला हवे. पण एकत्र बसायचे ते पंगतीत शेवटी बसण्यासाठी नव्हे, बरोबरीने. चवदार तळे विसरून कोणतीही एकजूट होणार नाही.

आणि चौथे, शिक्षणाचे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, बाबासाहेब कार्यकारी मंडळात असताना. ती आज वेळेवर मिळत नसेल तर तो आपल्या वाट्याच्या संधीवरचा दरोडा आहे, कार्यालयीन दिरंगाई नव्हे. वाडीतल्या एकाही मुलीचे कॉलेज शिष्यवृत्ती अडकली म्हणून सुटू द्यायचे नाही, एवढा निश्चय प्रत्येक शाखेने करावा.

"संधी सगळ्यांना सारखी आहे, मग तुम्हाला वेगळे काय हवे?" या प्रश्नाला आमचे उत्तर आता सरळ आहे. वेगळे काही नको. ज्या ज्या वहीत या देशाची जमीन, पाणी, वीज आणि नोकरी लिहिली जाते, त्या प्रत्येक वहीत आमचे नाव हवे. मतदारयादीत ते आहेच. उरलेल्या वह्या उघडा.

जय भीम! जय संविधान!